शब्दचर्चा : ‘वी सर्व्ह’ की ‘वी आर सर्व्हिंग’?

देवबागच्या घरातील दोन खोल्या भाच्याने पर्यटकांसाठी तयार केल्या आणि गडग्यावर लावायच्या इंग्रजी पाटीचा मजकूर रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी मला दाखवला : ‘वी आर सर्व्हिंग फ्रेश फिश अँड सोलकढी.’ “मामा, ह्यात चूक काय?” हा त्याचा प्रश्न येथे मांडण्याजोगा आहे, कारण वाक्यरचनेत खरोखरच चूक नाही, जे काही बिघडले आहे ते काळाच्या निवडीत.

‘आर सर्व्हिंग’ वाचणाऱ्याला असे वाटते की आत या घटकेला पंगत बसली आहे, किंवा सध्या काही दिवस जेवणाची सोय आहे आणि पुढचे सांगता येत नाही. घरात नेहमी मासळी मिळते एवढेच सांगायचे असेल, तर ‘वी सर्व्ह’ पुरेसे आहे. इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ बहुतेक क्रियापदांच्या बाबतीत चालू क्षणाबद्दल बोलतच नाही. तो नेम सांगतो, कायमची वस्तुस्थिती सांगतो, वेळापत्रक सांगतो. म्हणूनच कोकण रेल्वेच्या गाडीची छापील वेळ ‘लीव्ह्ज’ने सांगतात, पण तीच गाडी आज दोन तास उशिराने धावत असेल तर मात्र ‘इज रनिंग लेट’ म्हणावे लागते.

आपली गफलत होते ती मराठीत ही सीमारेषा इतकी ठळक नसल्यामुळे. “काय करतोस?” या प्रश्नाला “जाळे शिवतो” असे उत्तर आले, तर तो माणूस आत्ता जाळे शिवत बसला आहे की तोच त्याचा धंदा आहे, हे प्रसंगावरूनच कळते. मालवणीत तर ‘पावस पडता’ हे दारातल्या सरीलाही चालते आणि दर आषाढातल्या पावसालाही. शिवाय मालवणी माणूस ‘मी रोज बाजारात जातंय’ म्हणतो, तेव्हा ते ‘जातंय’ प्रथमपुरुषाचे नेहमीचे रूप असते. प्रमाण मराठीतल्या ‘ते जातंय’सारखे ‘जात आहे’चे आखूड रूप नव्हे. कानाला दोन्ही सारखीच लागतात, आणि शाळेत ‘जात आहे’ म्हणजे ‘अ‍ॅम गोइंग’ हे समीकरण पाठ झालेले असल्यामुळे रोजच्या बाजारालाही ‘आय अ‍ॅम गोइंग डेली’ चिकटते.

खरा घोटाळा करतो तो मात्र ‘आहे’ हा शब्द. ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांतले ‘आहे’ इंग्रजीत ओढून आणले की ‘आय अ‍ॅम नोइंग’ आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ तयार होते. जाणणे, मालकीचे असणे, हवे असणे, आवडणे या क्रिया नसून स्थिती आहेत, आणि स्थितीला इंग्रजी सहसा ‘इंग’ लावत नाही. ‘हॅव’ जेवणाच्या अर्थाने आला की तो क्रिया होतो, त्यामुळे ‘वी आर हॅविंग लंच’ बिनदिक्कत म्हणावे.

एका ठिकाणी दोन्ही भाषा छान जुळतात. शेजारी सारखा कोयता मागत असतो, ही तक्रार ‘ही इज ऑल्वेज बॉरोइंग माय कोयता’ अशीच करायची. सवय असूनही येथे चालू वर्तमानकाळ येतो, कारण त्यात वैताग आहे. साध्या काळात तो वैताग उतरत नाही.

आता पुन्हा पाटीकडे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ट्रॉलर बंदरात उभे असतात आणि ताज्या मासळीची खात्री देता येत नाही. तेव्हा भाच्याला माझे सांगणे असे की रंगाने ‘वी सर्व्ह फ्रेश फिश’ लिहून घ्यावे, आणि त्या दोन महिन्यांत मासे नसतील तर खाली ‘वी आर नॉट सर्व्हिंग फिश दिस मंथ’ अशी ओळ जोडावी. ती मात्र खडूने.