गोठलेला मध फेकू नका, पोळीला लावा

लष्करवाला
थंडी पडली की आपल्या ग्वाल्हेरात तीच ओरड सुरू होते: मधाची साखर झाली, दुकानदाराने फसवलं. अहो, मोहरीचा मध आहे तो, गोठणारच! हिवाळ्यात इथून मुरैना-भिंडपर्यंत शेतं पिवळी होतात, मधपाळ पेट्या घेऊन तिथेच उतरतात. या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त आणि पाणी कमी, म्हणून ग्लुकोजचे कण बाहेर पडतात. १४ अंशांच्या आसपास हे सगळ्यात लवकर होतं. मग मध तुपासारखा रवाळ बसतो, पोळीवरून ओघळत नाही, मुलांच्या बाह्या चिकट होत नाहीत. न्याहारीला चॉकलेटच्या बरणीपेक्षा हाच बरा, असं माझं ठाम मत. त्या बरणीमागचं लेबल वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहितात, आणि बहुतेक बरण्यांवर पहिलं नाव साखरेचंच असतं.

मुरारची सून
मधाच्या बरणीवर साखर लिहीत नाहीत म्हणून ती आत नसते का? १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या आसपास साखरच असते. आमच्याकडे सासऱ्यांना मधुमेह आहे. चहातली साखर बंद केली आणि "मध चालतो" म्हणून पोळीवर चमच्यांनी घेत होते. शिवाय शुद्धतेची हमी कोण देणार? २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासून घेतले, सगळ्या चाचण्यांत ३च टिकले. कंपन्यांनी ते नाकारलं, पण माझा विश्वास उडाला तो उडालाच.

थाटीपूरचा बाबा
लष्करवाले, तुमच्याकडे सकाळी सातला शाळेची व्हॅन येते का? आमच्याकडे येते. चॉकलेट लावलं तर पोळी पोटात जाते, नाहीतर डबा जसाच्या तसा परत. गोठलेला मध मुलीला दाखवला, "हे खराब झालंय" म्हणाली.

लष्करवाला
सूनबाई, मधुमेह्याने मध मोजूनच खावा, यात वाद नाही. मी साखरेला पर्याय म्हणून सांगत नाहीये, पोळीवर काय लावायचं ते सांगतोय. भेसळीचं म्हणाल, तर गोठणं हा शुद्धतेचाही पुरावा नाही आणि भेसळीचाही. शुद्धता बघायला पाण्यात मधाचा थेंब सोडणं, मधात बुडवलेली काडी पेटवणं हे सगळे मनाचे खेळ. पाकाची चलाख भेसळ प्रयोगशाळेतच पकडली जाते. मी मधपाळाकडून घेतो, पेट्या समोर दिसतात. तेवढ्यानेही हमी मिळत नाही, पण त्याला चार प्रश्न तरी विचारता येतात.

दालबाजारची आजी
मध आणि चॉकलेट यांच्यात मराठी घरातला साखरांबा कुठे गेला रे? उन्हाळ्यात कैरीचा कीस, साखरेचा पक्का पाक, वर वेलची. बरणी वर्षभर टिकते. गूळ आवडत असेल तर गुळांबा. नातवंडं पोळीची गुंडाळी करून दारात उभ्या उभ्या खातात. तो बाजारचा लाल जॅम मात्र मला नको. नियमाने त्यात फळ ४५ टक्के हवं, आणि स्ट्रॉबेरीच्या जॅमला तर २५ चालतं.

मुरारची सून
आजी, साखरांब्यातही किसापेक्षा साखर कमी नसते हो, रागावू नका. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी: एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ती वाढतात. आमच्या घरी बाळ झालं तेव्हा मधाचं बोट तयारच होतं. डॉक्टरांनी अडवलं म्हणून थांबलं, नाहीतर माझं कोण ऐकतंय!

दालबाजारची आजी
साखर आहेच गं. पण फोडणीच्या पोळीबरोबर चमचाभरच घेतो आम्ही, वाटीभर नाही.

लष्करवाला
बाबा, मुलीला गोठलेला आवडत नसेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, सुटतो. गॅसवर तापवू नका, वास जातो.

थाटीपूरचा बाबा
सकाळी सातला कोमट पाणी? रविवारी बघू.