प्रतिसाद: प्रत्येक गाठ कुरूप (कॉर्न) नसते

तळपायावरची लाल गाठ म्हणजे कुरूपच, पट्टी लावली की जाते, असं वर कुणी लिहिलंय, ते पटलं नाही. माझ्या मावशीलाही हेच सांगितलं होतं. बिचारी महिनोन्महिने पट्ट्या लावत राहिली. गाठ मऊ, गुलाबीसर, भोवती खळगा पडल्यासारखी कडा, आणि चप्पल घासली की लगेच रक्त. कुरूप कडक असतं, असं सहज रक्ताळत नाही. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी अख्खी गाठ काढून बायॉप्सीला पाठवली. निदान: पोरोमा. घामाच्या नलिकेची, कॅन्सर नसलेली गाठ. त्वचारोगतज्ज्ञ पिंकस आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेली.

नुसत्या डोळ्यांना ती चामखीळ वाटते, कधी मेलानोमाही (त्वचेचा एक घातक कॅन्सर). क्वचित तिचा कॅन्सरही होतो, म्हणून तपासल्याशिवाय जाळून घेऊ नका. जाळल्यावर पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काही उरतच नाही.