मदत हवी आहे : खडाखडा वाचतात, पण अर्थ पोचत नाही

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात तिसरीला शिकवते. वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं जास्त, काही कन्नड, काही उर्दू. मराठी धडा खडाखडा वाचतात, पण ‘असं का झालं?’ विचारलं की गप्प.

परवा ‘विहीर’ शब्दावर सगळे अडले. फळ्यावर चित्र काढलं, तर तेलुगू बोलणारी मुलगी म्हणाली ‘बावि’. कन्नड बोलणारा मुलगाही ‘बावि’च! मग गोष्ट भराभर उलगडली, किती आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हापासून गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगू देते, मग मराठीत. पण मला तेलुगू-कन्नड जेमतेम येतं. मूल बरोबर सांगतंय हे कसं ओळखायचं? आणि धड्यात थेट न लिहिलेलं, अंदाजानं समजून घ्यायचं, ते तुम्ही कसं शिकवता? वर्गातले अनुभव सांगा, प्लीज.