विषय: रविवारचा सोप्रानो-पियानोचा कार्यक्रम – पियानो व्हेंटवर कोणी ठेवला?

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी,
आत्ताच हॉलवरून आले. पियानो खिडकीपाशी, जमिनीतल्या हीटिंग व्हेंटच्या बरोब्बर वर उभा आहे. गेल्या गुरुवारी ट्यूनर दोन तास बसून लावून गेला तेव्हा तो स्टेजच्या डाव्या अंगाला होता. मी झाकण उघडून मधली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) दाबली, तर एका सुराचे दोन सूर. वँव-वँव असे हेलकावे ऐकू येतात. पाहुण्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत पाश्चात्त्य गाणं गाणाऱ्या बाई, शनिवारी दुपारी सरावाला येतायत. ट्यूनर पुन्हा बोलवावा लागेल, त्याचे पैसे कुठून काढायचे? आणि कोणाला न विचारता तो हलवला कोणी?

प्रेषक: स्टेज-सजावट

ताई, आम्हीच हलवला. शनिवारी दिवाळीच्या मुलांच्या नाचाला जागा नव्हती, हे सगळ्यांनी पाहिलंय. खाली चाकं आहेत, चौघांनी हळूच ढकलला, कुठेही आपटला नाही. आता "न विचारता" म्हणताय, पण त्या दिवशी समितीतलं एकही माणूस सहा वाजेपर्यंत हॉलवर नव्हतं. सकाळी नऊपासून आम्हीच होतो.

प्रेषक: खजिनदार

ट्यूनिंगचे पैसे एकदा दिले आहेत. दुसऱ्यांदा द्यायचे तर हॉलभाड्याच्या डिपॉझिटमधून काढावे लागतील. मंडळाचा कीबोर्ड आहे, तो कधी बेसूर होत नाही. तोच का लावू नये?

प्रेषक: पियानोवाली वहिनी

भाऊजी, कीबोर्ड नको. माझी दोन्ही मुलं रॉयल कॉन्झर्व्हेटरी या कॅनडातल्या संगीतसंस्थेच्या पियानोच्या परीक्षांना बसतात, त्यामुळे थोडं सांगते.

आपला कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, म्हणजे पाच सप्तकं. पियानोला ८८ असतात. पण तेवढाच प्रश्न नाही. पाहुण्यांच्या यादीत ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं चरख्यावर बसलेल्या ग्रेटखेनचं गाणं आहे. १८१४ सालचं, तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता. शब्द जर्मन कवी गोएथेच्या 'फाउस्ट' नाटकातले, ग्रेटखेन ही त्यातली तरुणी. त्यात पियानोचा उजवा हात चाक फिरवतो आणि डाव्या हातात चरख्याच्या पायपट्टीचा ठेका चालू असतो. ती प्रियकराच्या आठवणीत बुडत जाते, त्याच्या चुंबनाची आठवण येते आणि चरखा थांबतो. मग तो अडखळत, दोनदा प्रयत्न करून पुन्हा सुरू होतो. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. एखाद्या ओळीला गळा भरून आला की तिचा हात थांबायचा, आणि मग खुंटा धरून पुन्हा हळूहळू घरघर सुरू व्हायची. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं. ते थांबणं-सुरू होणं बोटाच्या दाबावर आहे. आपल्या कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर ते उतरणार नाही.

आता व्हेंटबद्दल. दादा, तुम्ही ढकलल्याने काही बिघडलं नसणार, सपाट जमिनीवर पियानो सरकवला तर त्याचे सूर फारसे उतरत नाहीत. बिघडवलं ते गरम कोरड्या हवेने. आत २३० च्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात. तो झेलणारी लाकडी फळी मधोमध किंचित फुगीर असते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, फुगवटा बसतो, तारा ढिल्या पडतात. मधल्या आणि वरच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. त्या एकमेकींपासून सरकल्या की ताईंनी ऐकले ते हेलकावे येतात. बाहेर उणे आठ आहे, हीटिंगची भट्टी रात्रंदिवस चालू. तिथेच ठेवून रोज ट्यून केला तरी रोज उतरेल.

प्रेषक: पेटीवाले काका

सूनबाईंनी छान सांगितलं. पण ट्यून केलेला म्हणजे सुरेल, हे मला पटत नाही. पियानोचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले, आपला गांधार तिथे सापडत नाही. याच कारणासाठी आमच्या पेटीला १९४० साली आकाशवाणीने दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. आज त्याच बारा सुरांच्या वाद्यासाठी दोनदा पैसे द्यायची चर्चा चाललीय, आणि माझ्या पेटीचा भाता गळतोय म्हणून मी मे महिन्यात लिहिलं होतं त्याला उत्तर नाही. कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत येईन. सोप्रानो माईकशिवाय गाणार हे ऐकून फार आनंद झाला. बालगंधर्वांच्या काळी नाट्यगृहात माईक कुठे होता? शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा.

प्रेषक: साउंड

काका, माईक एक तरी लागेलच. मागच्या रांगा तक्रार करतात, आणि ऐकून मी घेतो.

प्रेषक: पेटीवाले काका

मागच्या रांगा तक्रार करतात कारण मागच्या रांगा बोलत बसतात.

प्रेषक: कार्यक्रम समिती

माईक नाही, हे पाहुण्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलंय. साउंडने फक्त निवेदनाचा माईक बघावा. आणि कृपया मध्येच टाळ्या नकोत. तीन-चार गाण्यांचा एक गट असतो, तो संपल्यावर टाळ्या.

प्रेषक: डॉक्टरकाकू

मध्ये टाळ्या नकोत हे समजलं, पण दाद? आमच्या घरच्या बैठकीत चांगली जागा आली की "क्या बात है" आपसूक तोंडातून निघतं. जीव लावून गाणाऱ्या बाईसमोर दगडासारखं बसायचं, हे मला अपमान केल्यासारखं वाटतं.

प्रेषक: पियानोवाली वहिनी

काकू, त्यांच्याकडे शांतता हीच दाद. मी पहिल्यांदा ऐकायला गेले तेव्हा मलाही अवघड गेलं. गट संपल्यावर सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा तुम्ही पोटभर "वाहवा" करा, पाहुण्यांना आवडेल. आपल्या मुंबईत जन्मलेल्या, गोव्याकडच्या पॅट्रिशिया रोझारिओ याच परंपरेत सोप्रानो म्हणून जगभर गायल्या. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनरने खास त्यांच्या आवाजासाठी रचना लिहिल्या. तेव्हा हे गाणं अगदीच परक्याचं आहे असं मानू नका.

प्रेषक: खजिनदार

वहिनींचा मुद्दा पटला. ट्यूनिंगचे पैसे डिपॉझिटमधून नको, मी स्वतः देतो. काकांच्या भात्याचं जानेवारीत नक्की घेऊ. फक्त पियानो पुन्हा हलणार नाही, हे कोणीतरी लिहून द्या.

प्रेषक: स्टेज-सजावट

मी देतो. उद्या संध्याकाळी चौघं येऊन तो आतल्या भिंतीला, व्हेंट आणि दारापासून लांब लावतो. जमिनीवर चाकांपाशी टेप मारतो. रविवारी खुर्च्या त्याच्या भोवतीनेच मांडायच्या. वडे-चहाचं टेबल बाहेरच्या पॅसेजमध्ये, तळण मध्यंतरानंतरच. ताई, परवा जरा तिखट लिहिलं, राग मानू नका.

प्रेषक: कार्यक्रम समिती

राग नाही. मीही आधी विचारायला हवं होतं. ट्यूनर शनिवारी सकाळी नऊला येतोय, म्हणजे पियानोला नव्या जागी तीन दिवस मिळतील. शुक्रवारपासून हॉलचं तापमान कार्यक्रमाला असेल तेवढंच ठेवायचं, रात्री कमी करायचं नाही. पानं उलटायला वहिनींची मोठी लेक बसेल. तिने स्वरलिपी आधी बघून ठेवावी, पाहुण्यांनी पाठवलेली पानं तिला आजच पाठवते.

थर्मोस्टॅटच्या पेटीला कुलूप आहे. तिची किल्ली दिवाळीनंतर कोणाकडे गेली?