मेंदूला मार लागल्यानंतरचा तोल: व्यायाम नीट होतो, घरात मात्र पडायला होतं. मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला अपघातात डोक्याला मार लागला. मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव होता, ऑपरेशन झालं, आता तो घरी आहे. हातापायांत ताकद आली, बोलणं सुधारलं. तोल मात्र अजून दगा देतो.

गंमत नाही, खरंच कोडं पडलंय. फिजिओथेरपीत त्याला बर्ग स्केलवर, म्हणजे तोल मोजायच्या चाचणीत, ५६ पैकी ४८ गुण मिळाले. साधारण ४५च्या खाली पडण्याचा धोका जास्त धरतात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पावलापुढे पाऊल जोडून उभं राहणं, आडवी पावलं टाकणं, सगळं जमतं. आणि घरात पडतो. मागून कुणी हाक मारली आणि गर्रकन वळला की. हातात काही घेऊन चालता चालता बोलायला लागला की. रात्री अंधारात बाथरूमला निघाला की.

बरं, तो मदत मागत नाही. आपण पूर्ण बरे झालोय असं त्याला मनापासून वाटतं. हा हट्ट नव्हे, इजेमुळेच स्वतःच्या मर्यादांची जाणीव कमी होते, असं डॉक्टरांनी समजावलं. पण सारखं कुणी मागे मागे राहिलं की त्याचा चेहरा उतरतो. तो आमच्या घरातला कर्ता माणूस आहे हो.

व्यायामातला तोल रोजच्या वावरण्यात कसा उतरवायचा? कूस बदलली की थोडा वेळ गरगरतं म्हणतो, ते याचाच भाग का? आणि त्याचं मन न दुखावता लक्ष कसं ठेवायचं?

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा रुग्णांबरोबरच काम करते. ताई, आधी त्या गरगरण्याचं बघा. डोक्याला मार लागला की आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सुटून तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये जाऊ शकतात. मग कूस बदलली, मान वर केली की काही सेकंद सगळं फिरतं. याला बीपीपीव्ही म्हणतात. डिक्स-हॉलपाइक तपासणीत ते कळतं आणि बहुतेकदा एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून बरंही होतं. व्हिडिओ बघून घरी करू नका. कोणता कान, कोणती नलिका हे आधी ठरावं लागतं आणि अपघातात मानेला इजा झाली नव्हती ना, हेही पाहावं लागतं.

आता ४८ गुणांबद्दल. बर्गमध्ये १४ कृती असतात, पण त्यात चालण्याची चाचणीच नाही, आणि प्रत्येक कृती सगळं लक्ष तिच्यावर ठेवून करायची असते. तुमचे दादा पडतात ते लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं की. आपल्याला चालणं आपोआप होतंय असं वाटतं. त्यांचा मेंदू सध्या पाऊल टाकायलाही विचार खर्च करतो. म्हणून सराव त्याचाच हवा: चालताना वीसपासून उलटे आकडे, मग हातात रिकामा पेला, मग दोन्ही एकदम. एका वेळी एकच गोष्ट वाढवा आणि शेजारी माणूस हवाच. वळताना एका पायावर गिरकी नको. आधी थांबायचं, मग छोट्या पावलांनी वळायचं. आणि घरच्यांनी मागून हाक मारणं आजपासून बंद.

अंधाराचं कारण वेगळं. तोलासाठी मेंदू डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांची जाणीव या तिघांवर विसंबतो. दिवा नसला की डोळे गेले. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून, डोळे मिटून उभं राहण्याचा सराव थेरपिस्टसमोर सुरू करा. तोवर रात्री दिवा चालूच ठेवा. झोपेची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना पडण्याबद्दल सांगा, स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तेही कारण असू शकतं.

पुन्हा डोक्यावर पडले आणि डोकेदुखी वाढत गेली, उलटी, गुंगी किंवा गोंधळ दिसला तर थेट दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट न बघता.

दुसरा प्रतिसाद

माझे यजमान याच वाटेवरून गेले. ‘पडशील’ म्हटलं की ते चिडायचे. मग थेरपिस्टने एक युक्ती सांगितली: प्रत्येक व्यायामाआधी ‘कसं जमेल?’ हे त्यांनाच विचारायचं आणि झाल्यावर दोघांनी मिळून ताडून बघायचं. जाणीव हळूहळू त्यांची त्यांनाच येत गेली. आणि झोपण्यापूर्वी, पहाटे आपणच बाथरूमला घेऊन जायचं. त्यामुळे घाईने उठणं खूप कमी झालं.

मूळ धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. कानाच्या तपासणीची वेळ घेते. एक राहिलं: सोबत चालताना मी नेमकी कुठे राहू? सध्या दंड धरते.

प्रतिसाद

दंड नको, झोक गेला की खांद्याला हिसका बसतो आणि सावरताही येत नाही. कमकुवत बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. कमरेला रुंद पट्टा बांधून तो मागून धरा. कसा धरायचा ते थेरपिस्टकडून एकदा हातात हात घेऊन शिकून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही शिकवा, म्हणजे सगळा भार तुमच्यावर येणार नाही.