चाळ रहिवासी ग्रुप, लालबाग : शनिवारच्या सह्यांबद्दल

निलेश (खोली ९), रात्री ९.०५
सर्वांना नमस्कार. चाळीच्या पुनर्विकासासाठी बिल्डरची माणसं शनिवारी सकाळी दहाला परत येतायत. ४२ पैकी १७ जणांनी संमतीपत्र दिलंय. आणखी पाच झाले की ५१ टक्के होतात. आपापली भाडेपावती आणि आधारची झेरॉक्स तयार ठेवा. आता लांबवू नका, प्लीज.

मंदाकाकू (खोली ११), ९.११
निलेश, मेंटेनन्स किती येणार ते विचारलंस का रे? मागच्या वेळी तो माणूस नुसता लिफ्टचे फोटो दाखवून गेला.

निलेश, ९.१३
काकू, ते नंतर सोसायटी ठरवते. आणि पाचशे फुटांपर्यंत मालमत्ता कर २०२२ पासून माफच आहे.

विद्याताई (खोली २३), ९.३४
निलेश, कर माफ आहे हे खरं. पण लिफ्ट, पाण्याचे पंप, वॉचमन, जिन्यातले दिवे, आग विझवायची यंत्रणा, यांचं बिल महापालिका भरत नाही. नव्या इमारतीच्या अकरा मजल्यांचा हा सगळा खर्च आपल्या ४२ घरांवर पडणार. आज माझी पावती सेस, म्हणजे दुरुस्तीचा कर, धरून २१० रुपयांची आहे.

परळला माझ्या मावशीला असंच घर मिळालं. छान घर, हवेशीर, तिसऱ्या मजल्यावर. पहिली दोन वर्षं काही नाही, मग महिन्याला ५२०० चं बिल सुरू झालं. काका घरी, मुलगा दुकानात कामाला. तीन वर्षं ओढाताण केली आणि घर भाड्याने देऊन ती बदलापूरला गेली. तिच्या मजल्यावरच्या सहा मूळ कुटुंबांपैकी चार आता तिथं राहत नाहीत. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं.

आता आपला कागद बघा. जुन्या सेस इमारतींच्या पुनर्विकासाचा जो ३३(७) नियम आहे, त्यातच आहे की दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस, म्हणजे ठेव म्हणून ठेवायचा निधी, विकासकाने उभा करायचा. आपल्याला दिलेल्या कागदावर 'प्रत्येकी एक लाख' एवढंच लिहिलंय. महिना पाच हजार धरा, वीस महिन्यांत लाख संपतो. बँकेत ठेवून व्याजावर चालवू म्हटलं, तर सात टक्क्यांनी महिन्याला सहाशेही येत नाहीत. ४२ घरं, दहा वर्षं, म्हणजे दोन कोटी बावन्न लाख लागतात. तो देतोय बेचाळीस लाख. हा फरक कुणाच्या खिशातून जाणार, एवढंच मला त्याच्याकडून लेखी हवंय.

निलेश, ९.४१
ताई, तुमचा हिशोब बरोबर असेल. पण बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रात्री संडासला जायचं तर अख्खी गॅलरी ओलांडून जावं लागतं, मी टॉर्च धरतो, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात. दुसऱ्या मजल्याला चार टेकू लागलेत. या पावसात काय पडलं तर? तुम्ही सगळे थांबा थांबा म्हणता, मला थांबायची भीती वाटते.

विद्याताई, ९.४४
तुझं एक अक्षर चुकीचं नाही. इमारत पाडायलाच हवी. तुझ्या बाबांना नव्या घरात जाता यावं आणि तिथं राहताही यावं, यासाठीच मी भांडतेय.

बंड्यादादा (तळमजला), ९.४६
तो माणूस म्हणत होता, सही नाही केली तर ७९-अ लागेल, म्हाडा ताब्यात घेईल, मग बसा ट्रान्झिट कॅम्पमध्ये.

विद्याताई, ९.५२
दादा, ७९-अ दोन आहेत आणि तो मुद्दाम गोंधळ करतोय. एक सहकार कायद्यातलं, ते नोंदणी झालेल्या सोसायट्यांसाठी, त्याचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. आपण पागडीवाले भाडेकरू, सोसायटी नाही, आपल्याला ते नाही. दुसरं म्हाडा कायद्यातलं, धोकादायक सेस इमारतींसाठी. त्यात आधी मालकाला सहा महिने मिळतात, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडा. म्हणजे ज्याची तो आपल्याला भीती घालतोय, त्यात आपल्यालाच संधी आहे. ट्रान्झिटची भीती मात्र खरी आहे. संक्रमण शिबिरात पिढी मोठी झालेली घरं आपण पाहिलीत. म्हणून पर्यायी घराचा करार आधी नोंदवायचा, खोली नंतर रिकामी करायची.

आप्पा (खोली ४), १०.०८
नातीकडून टाईप करून घेतो आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बदली कामगार होतो, पंचवीस वर्षांचा. अडीच लाख माणूस बाहेर पडला होता. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण जमिनी होत्याच. १९९१ च्या नियमात लिहिलं होतं, गिरणीची जमीन विकसित केली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. आम्ही त्यावर विश्वास ठेवून बसलो. २००१ ला एक शब्द बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, शेड उभी असलेल्या जमिनीची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर यांच्या मोर्चांना मी जायचो, तेव्हा हा एक शब्द आम्हाला पाठ झाला होता. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात गेलो तेही त्यासाठीच. शेलू-वांगणीला घर देतो म्हणतात. आमचा घाम इथं पडला, घर वांगणीला का?
माझी पेन्शन १३४० रुपये आहे. विद्या म्हणते ते पाच हजार मी कुठून आणू? निलेश, तू माझ्या मांडीवर खेळलेला पोरगा आहेस. तुझ्या बापाला लिफ्ट मिळाली पाहिजे. पण कागदातला शब्द न् शब्द वाचल्याशिवाय माझी सही नाही.

जयू (पूर्वी खोली १६), १०.१९
मी ग्रुपमध्ये आहे म्हणून बोलते. आम्ही दोन वर्षांपूर्वी खोली सोडली. डोंबिवलीत वन बीएचके आलं, हातात थोडे पैसेही राहिले. आईचं डायलिसिस केईएमला आहे. इथून चालत नाहीतर टॅक्सीने दहा मिनिटं होती. आता आठवड्यातून तीनदा लोकलने आणते, येताना तिला उभं राहवत नाही. त्या वेळी हा हिशोब कुणी मांडला नाही, आम्हीही मांडला नाही.

मंदाकाकू, १०.२३
माझे पोळीभाजीचे चौदा डबे आहेत, सगळे चालत पोचणारे. मे महिन्यात मसाल्याच्या मिरच्या गच्चीत वाळवते आणि डंकावर नेते, त्या दोन महिन्यांत पोरीची फी निघते. टॉवरमध्ये गच्ची आपल्याला उघडी ठेवणार का, हेही लिहून घ्या. समोरच्या इमारतीला पुनर्वसनवाल्यांचं गेट मागच्या गल्लीतून आहे, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. लोअर परळला तर हल्ली अप्पर वरळी म्हणायला लागलेत.

गावमंडळ खोली (३१), १०.३०
आमचं कुणी विचारात घेत नाही म्हणून लिहितो. ही खोली राजापूरकडच्या आमच्या एका गावाची. एके काळी पाळीपाळीने अठरा माणसं झोपायची, आज आठ आहोत. भिंतीला अजून ओळीने खुंट्या आहेत, प्रत्येकाची ठरलेली. ट्रंका लॉफ्टवर. पावती ज्यांच्या नावावर आहे ते १९७४ ला वारले. बिल्डरचा माणूस थेट त्यांच्या नातवाला शोधत गावी गेला होता. नातवाने सही केली तर घर त्याचं, आणि आम्ही आठ जण कुठं? नोकरीसाठी पहिल्यांदा मुंबईत आलेला पोरगा उतरतो कुठं, तर इथं.

विद्याताई, १०.३६
हे म्हाडाच्या रिपेअर बोर्डाच्या यादीत कसं दाखवलंय ते बघावं लागेल. गावमंडळाची घटना, वर्गणीची वही, जुनी वीजबिलं, जे असेल ते काढा. एका पावतीला एकच घर मिळणार, पण ते मंडळाच्या नावावर मागायचं.

निलेश, १०.४९
ठीक आहे. मी त्यांना फोन करून सांगतो, शनिवारी सह्या नाहीत. आधी कराराचा मसुदा मराठीत द्या आणि कॉर्पसचा आकडा लिहून द्या. पण ताई, एक तारीख ठरवा. बाबांना आणखी दोन पावसाळे इथं काढायला लावणार नाही मी.

विद्याताई, १०.५२
महिनाभर. त्यात मसुदा आला नाही तर नियोजित संस्था नोंदवायला घेऊ, मीच पहिली सही करेन. शुक्रवारी रात्री आठला गॅलरीत बसू. प्रत्येकाने मूळ पावत्या आणा, झेरॉक्स नको.

मंदाकाकू, १०.५३
चटया मी टाकते.

शेवंतामावशी (खोली १४), १०.५८
विद्या, मी तर मागच्या आठवड्यातच सही केली ग. रोहिणी घरी नव्हती, वाचून दाखवायला कुणी नव्हतं. तो म्हणाला ही नुसती हजेरी आहे.

विद्याताई, १०.५९
मावशी, कागदाची प्रत दिली का त्याने?

शेवंतामावशी, ११.०२
नाही. अंगठ्याचा ठसाही घेतला.

विद्याताई, ११.०४
उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला माझ्याकडे या. शुक्रवारी पहिला विषय तुमचा.