गिधाडांना जेवू घातलं म्हणजे ती वाचली का?

म्हसळेकर: रायगडातल्या चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून घरटी करतात, हे आमचं भाग्यच. पण मेलेलं ढोर टेम्पोत घालून रानात टाकायचं आणि फोटो काढून ‘गिधाडं वाचवली’ म्हणायचं, हे मला पटत नाही. १९९२ ते २००७ या काळात देशात ही जात हजारात एक उरली, ती काही उपासमारीनं नव्हे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन मूत्रपिंडं निकामी झाली. औषधाचं बोला.

वाडीवाला: बोला की. पण कोकणात गुरं आहेत कुठे? माझ्या लहानपणी आळीत घरटी बैलजोडी होती, आता पॉवर टिलर. पोरं मुंबईला, गोठ्यात लाकडं रचलेली. एखादी गाय मेलीच तर जेसीबीनं खड्डा. गिधाडानं खायचं काय, करवंदं?

पशुवैद्य: जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्येच बंदी आली. मग लोक माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गुरांना टोचू लागले. २०१५ मध्ये ती कुपी ३ मिलीवर आणली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक वेदनाशामकं गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना चालतं. पण मालकाला म्हैस संध्याकाळपर्यंत उभी राहिलेली हवी असते, आणि तो जे मिळेल ते टोचून घेतो.

म्हसळेकर: तेच म्हणतोय. शंभर मढ्यांतलं एकसुद्धा विषारी असायची गरज नाही, त्याहून कमी प्रमाणातही ही जात कोसळते, हे गणित कधीच मांडून झालंय. गिधाड काही तुमच्या पानावर बसून राहत नाही, पलीकडच्या तालुक्यातही जेवायला जातं.

वाडीवाला: म्हणून इथे उपाशी ठेवायचं? इथे चांगलं मिळालं तर तेवढं तरी लांब जाणार नाही. वर्षाला एकच अंडं, त्या पिल्लाला रोज भरवावं लागतं. आणि घरटं माडावर असेल तर पाडेल्याला त्या माडावर चढू द्यायचं नाही. त्या नारळांचे पैसे कोण देतं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं वाड्याच्या वाड्या झोपवल्या. राहिलेल्या माडांवरच घर चालतं.

पक्षीवेडा_दादर: हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबात आणली. तशी आपल्या रायगडातल्या फणसाड अभयारण्यातही आणावीत!

वाडीवाला: दादा, घरच्यांना जेवण नाही आणि पाहुणे बोलावताय.

म्हसळेकर: माडाचं मान्य, त्या मालकाला पैसे मिळायलाच हवेत. पण एक सांगा, ढोर टाकण्याआधी त्याला कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते विचारता?

वाडीवाला: विचारतो. मालकाला औषधाचं नाव आठवत नाही, बुचाचा रंग आठवतो.

पशुवैद्य: रिकामी बाटली फेकू नका म्हणावं. बाटली दाखवली नाही तर ते मढं पुरा.